पदरात पडलेला पाव

मी पदर पसरला आणि मॅडमने त्यात दोन पाव टाकले. अजून गरम होते. सकाळी मीच भाजले होते.

टेबलाशी साहेब होता, मॅडम होती आणि अमेरिकेहून आलेला एक पाहुणा होता. मी त्या पाहुण्याच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले होते. नाक, डोळे सगळं वाहत होतं आणि तोंडातून एकच शब्द निघत होता, "गन, साहेब, गन." मॅडमला ऐकू आलं, "बन." त्या वाटोळ्या पावांना ती बन म्हणायची. पदर पसरून बसलेली हिंदुस्थानी बाई खाण्याशिवाय दुसरं काय मागणार? तिने टोपलीतले दोन उचलून हलक्या हाताने माझ्या पदरात ठेवले आणि म्हणाली, "अगं, एवढ्यासाठी रडतेस? घे की. आणखी हवेत?"

पाहुणा हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. साहेब हसला नाही. मी काय मागत होते ते त्याला कळलं होतं. तो आपल्या बशीकडे बघत राहिला. हसणाऱ्यापेक्षा त्या न हसणाऱ्याचीच मला जास्त लाज वाटली.

मी उठले, पाव पदरातच धरून स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. कोंबडी वाढायची राहिली होती. ती मॅडमने स्वतः येऊन नेली. माझ्याकडे बघितलं नाही.

हे कुवेतमधलं, तेल कंपनीने वसवलेल्या अहमदी गावातलं. बासष्ट साल होतं आणि चीनची लढाई लागली होती. माझा धाकटा भाऊ पलटणीत शिपाई होता आणि त्याची पलटण पार पूर्वेला, बर्फाच्या डोंगरांत पाठवली होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा पोरगा. बर्फ त्याने मासळीच्या पेटीत पाहिलेला. आई लवकर गेली, तेव्हा त्याला मीच वाढवला होता. लग्न होऊन मी कुवेतला आले आणि तो पलटणीत भरती झाला.

आम्ही राहायचो फहाहीलला, समुद्राजवळच्या एका खोलीत. नवरा मीना अल-अहमदी बंदरात टगबोटीवर खलाशी होता. तेलाची मोठी जहाजं धक्क्याला लावायचं काम. मी रोज कंपनीच्या बसने वर अहमदीला जायची. तिथे साहेबलोकांचे बंगले, पाणी घालून वाढवलेली झाडं, कापलेलं गवत. ह्या अमेरिकन साहेबाकडे मी छप्पन सालापासून स्वयंपाकाला होते. चौथी शिकलेली होते. इंग्रजी येत होतं ते भांडी आणि भाज्यांपुरतं. पण साहेब दुसऱ्या महायुद्धात आसामात तेलाचे लांब नळ टाकायच्या कामावर होता, त्यामुळे त्याला मोडकं हिंदी यायचं. तिथल्या हमालांकडून शिकलेला, म्हणून मलासुद्धा "जल्दी उठाव" म्हणायचा. कढई असली तरी उठाव आणि मीठ असलं तरी उठाव.

शुक्रवारी दुपारी जेवायला कोणी ना कोणी यायचं आणि बोलणं एकच. अमेरिकेने जगाशी कसं वागावं. मला आधी काही कळत नसे. मग वर्षानुवर्षं वाढताना थोडं थोडं कळू लागलं, कारण साहेबाची वाक्यं ठरलेली होती. दारात दांडका असला तर चोर येत नाही. दांडका मारावा लागत नाही, तो दिसला पाहिजे. सरकारचा पैसा सरकारचा नसतो, कोणाच्या तरी घामाचा असतो, तो परक्याला देताना हात आखडावा. मित्र थोडे करावेत आणि केले तर सोडू नयेत. जगाची जी मोठी पंचायत भरते, तिच्यात चोरालाही पंच केलंय, तिच्यावर विसंबू नये. मॅडम म्हणायची, "पुरे आता, सूप निवतंय."

एकसष्टच्या उन्हाळ्यात कुवेत स्वतंत्र झालं आणि आठवडा जातो न जातो तोच शेजारचा इराक म्हणाला, हा मुलूख आमचा. फहाहीलमध्ये लोकांनी बोचकी बांधली. आमच्या नवऱ्याने मुंबईच्या बोटीची चौकशी केली. पण कुवेतच्या शेखाने निरोप पाठवला आणि इंग्रजांची सेना आली. वाळूत, त्या उन्हात, लालबुंद झालेले गोरे पोरगे मी बसमधून पाहिले. काही तर भोवळ येऊन पडत होते. पण आले, आणि इराकवाला पुढे सरकला नाही.

साहेब तेव्हा म्हणाला, "कागदावर सही होती म्हणून आले. सही करण्याआधी दहादा विचार करावा. केल्यावर अकराव्यांदा करू नये."

मी त्यातलं एवढंच उचललं की शेखाने मागितली आणि सेना आली. सही माझ्या डोक्यातून गळून गेली.

त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या लष्कराने गोवा घेतला. आमच्या किनाऱ्याला गोवा म्हणजे परका नव्हे. मला आनंद झाला. मी तूप जास्त घालून शिरा केला आणि टेबलावर नेला. साहेबाने एक घास खाल्ला आणि विचारलं, "हे कशाबद्दल?" मी सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"गोवा तुमचा असेल," तो म्हणाला. "मी नाही म्हणत नाही. पण दहा वर्षं तुमचे लोक आम्हाला सांगतायत की बंदूक हे पाप आहे. आम्ही कुठे मित्र केला, कुठे तळ केला, की तुमचं प्रवचन सुरू. आणि आज?"

मॅडम म्हणाली, "तिला काय विचारतोस? तिने घेतलाय का गोवा?"

"शिरा तर तिनेच केलाय," साहेब म्हणाला आणि पुढे खाल्ला. संपवला. दुसऱ्यांदा मागितला.

मला तेव्हा रागच आला. दिल्लीत कोण काय प्रवचन करतं हे मला काय माहीत? दिल्ली मी पाहिलेलीही नाही. पण तो प्रवचन शब्द डोक्यात राहिला.

मग बासष्टची ती लढाई. फहाहीलच्या चहाच्या दुकानात रेडिओ होता. नवरा तिथे बसून ऐकायचा आणि घरी येऊन सांगायचा. आपल्या पोरांकडे जुन्यापुराण्या बंदुका आहेत. बर्फात कापडी बूट घालून उभी आहेत. चौकी गेली, मग दुसरी गेली. भावाची खबर काही नव्हती. मी रोज विचारायची आणि तो रोज सांगायचा, "गो, रेडिओवर तुझ्या भावाचं नाव घेऊन सांगणार आहेत काय?"

त्यात एका सकाळी मॅडम म्हणाली, शुक्रवारी मोठा पाहुणा येतोय, कोंबडी कर आणि बन कर. साहेबाने आपल्या हिंदीत समजावलं. पाहुणा अमेरिकेच्या राजधानीतून आलाय, सेनेटचा माणूस आहे, कुठल्या देशाला काय द्यायचं ते बघत फिरतोय.

सेनेटचा माणूस. मला ऐकू आलं सेनेतला माणूस. माझ्या कानाला दुसरं काही ऐकू येणंच शक्य नव्हतं. सेना म्हणजे लष्कर, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. आणि तो काय द्यायचं ते बघत फिरतोय. मला वाटलं, अल्लाने माझ्यासाठीच धाडला.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो जाळं विणत बसला होता, सुट्टीत मासे मारायला.

"अमेरिकेच्या सेनेतला मोठा साहेब येणार आहे. मी त्याला बंदुका मागणार."

"किती?" तो म्हणाला.

"चेष्टा करू नका."

"चेष्टा कसली गो? दोन डझन माग. एक माझ्यासाठी पण माग, बोटीवरच्या फोरमनला घालतो."

"अहो, शेखाने मागितली तेव्हा सेना आली का नाही?"

"तो शेख आहे. तू कोंबडी शिजवणारी." मग जाळं बाजूला ठेवून जरा नीट म्हणाला, "आपल्या देशाने मागितलीय का अजून? नाही ना? मग तू कोण आधी मागणार? लाज काढशील."

मी ऐकलं नाही. शुक्रवारी पुढे काय झालं ते मी सुरुवातीलाच लिहिलं आहे. मी उभ्याने, नीट शब्दांत मागायचं ठरवलं होतं. इंग्रजीत वाक्य पाठ केलं होतं. पण पाहुणा जवळून पाहिला तर हसरा, जाडसर, चष्मेवाला माणूस, अंगावर शिपायाचं काहीच नाही. मी गडबडले आणि वाक्य विसरले. गन एवढाच शब्द उरला. मग आमच्याकडे बाई जे करते ते मी केलं. आमच्या गावात सावकारापुढे, पोलीस पाटलापुढे, पीर बाबाच्या दर्ग्यात, बाई शेवटी पदर पसरते. त्यात कोणी काही टाकावं म्हणून ती पसरत नाही. माझ्यापाशी आता काही उरलं नाही, एवढंच ते सांगणं असतं. हे अमेरिकेच्या मॅडमला कोण सांगणार? तिने रिकामा पदर पाहिला आणि भरला. तिच्या परीने बरोबरच केलं.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराचं दार वाजलं. पाहुणा आपली बशी स्वतः घेऊन आला होता. मागे साहेब. साहेबाने त्याला सगळं सांगितलं असणार, कारण पाहुण्याचं हसू गेलं होतं. तो बोलत गेला आणि साहेब त्याच्या आसामी हमालांच्या हिंदीत मला सांगत गेला.

पहिलं हे सांगितलं की तो सेनेत नाही. कधी बंदूक धरलेली नाही, डोळे खराब म्हणून घेतलंच नव्हतं. सेनेट म्हणजे मोठी सभा. तिथल्या एका सभासदाचा तो कारकून.

माझ्या कानांत घंटा वाजली. म्हणजे मी कारकुनाचे पाय धरायला निघाले होते.

(माझा मुलगा आता कुवेतमध्येच, सलव्यात राहतो. मध्ये त्याच्याकडे गेले तेव्हा नातीला हे सांगितलं. ती मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. "दादी, सेनेट इज नॉट आर्मी," म्हणाली. मला काय आता कळतंय होय?)

मी पाहुण्याला विचारलं, "मग बंदुका कोण देतो? तुमचा राजा?"

"राजा नाही. निवडलेला माणूस आहे. सेना त्याच्या हुकमात आहे, पण थैली त्याच्या हातात नाही. थैली सभेच्या हातात. करार केला तरी सेनेटने हो म्हटल्याशिवाय तो पक्का नाही."

मी म्हटलं, "म्हणजे पळी एका सासूच्या हातात आणि कोठीची किल्ली दुसरीच्या कमरेला. अशा घरात पोरं उपाशी मरतात."

साहेबाने हे सांगितल्यावर पाहुणा मोठ्याने हसला. ह्या वेळी मला राग आला नाही. तो म्हणाला, "कधी कधी उशीर होतो, खरं आहे. पण दोन्ही एकाच सासूकडे असतील तर सून मरते."

आमच्या वाडीत मी तसंही पाहिलं होतं.

मग त्याने भावाबद्दल विचारलं. कुठे आहे, किती वर्षांचा आहे. साहेब मध्येच बोलला, तिथला डोंगर त्याने पाहिलाय म्हणून. त्या थंडीत बंदुकीचं लोखंड हाताला चिकटतं, म्हणाला. ते सांगायची गरज नव्हती.

पाहुणा म्हणाला, "मदत जाईल असं मला वाटतं. पण ती तू रडलीस म्हणून जाणार नाही. चीन खाली उतरला तर उद्या आमचंही नुकसान आहे म्हणून जाईल. हे तुला वाईट वाटेल. पण जो देश रडणं ऐकून बंदूक देतो, तो उद्या दुसऱ्या कोणाचं रडणं ऐकून तीच बंदूक तुमच्यावर रोखेल. नफानुकसान बघून दिलेल्या शब्दाचा भरवसा जास्त."

मला वाईट वाटलंच. पण तेव्हापर्यंत कोणी मोठा माणूस माझ्याशी इतकं सरळ बोललेला मला आठवत नव्हता. आमचे मोठे लोक म्हणत, बघू, करू, अल्ला करेल.

जाता जाता त्याने आणखी एक म्हटलं. ते मला सांगायचं साहेबाच्या मनात नव्हतं, असं मला दिसलं, पण त्याने सांगितलं. "तुमच्या सरकारने इतकी वर्षं आम्हाला मित्र म्हणायला नकार दिला. चालेल, तो तुमचा हक्क. पण मित्र नको म्हणायचं आणि घर पेटलं की मित्राचं पाणी मागायचं, ह्याला आमच्याकडे चांगलं नाव नाही."

"आमच्याकडेही नाही," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी भांडी घासली. लाज कशाची जास्त होती हे मला तेव्हा वेगळं करता येत नव्हतं. माझ्या पदराची, का त्या शिऱ्याची, का दिल्लीची. कुठेतरी वाटत होतं की पाहुण्याने चुकीचं काहीच म्हटलं नाही, आणि तेच सगळ्यांत बोचत होतं. माणूस चुकीचं बोलला असता तर मी साहेबाचं घर सोडलं असतं आणि ताठ मानेने बसमध्ये बसले असते.

पुढे नव्वद साली इराक खरंच ह्या कुवेतमध्ये घुसला, तेव्हा आधी अमेरिकेच्या सभेत हात वर झाले आणि मग त्यांची सेना लढाईत उतरली. म्हातारपणी मी ते टीव्हीवर पाहिलं. किल्ली आणि पळी, त्याने सांगितल्यासारखंच.

संध्याकाळी पाव घेऊन घरी गेले. टाकणार कसे? अन्न होतं.

नवऱ्याने पुडी उघडली. "हे काय गो?"

मी सांगितलं. तो इतका हसला की खोकला लागला. "हिंदुस्थानने मागितली बंदूक आणि पदरात पडला पाव! अगं, निदान लोणी तरी मागायचंस." मग माझं तोंड पाहून उठला. चहा केला. त्याने एक पाव खाल्ला. दुसरा माझ्यापुढे सरकवला. मी सकाळपासून जेवले नव्हते. मीही खाल्ला. चांगला झाला होता.

थोड्याच दिवसांत रेडिओवर आलं की आपल्या सरकारने अमेरिकेकडे बंदुका मागितल्या आणि त्यांची विमानं कलकत्त्याला उतरली. नवरा चहाच्या दुकानातून धावत आला. आता तो हसत नव्हता. "मागितलं गो," म्हणाला. "सरकारनेही पदर पसरला." भावापर्यंत बंदूक पोचेल म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याखाली दुसरं होतं, आणि ते त्यालाही होतं, कारण त्या दिवशी तो मासे मारायला गेला नाही.

त्यात फहाहीलच्या आमच्या बायकांनी वेगळंच उठवलं. हिने अमेरिकन साहेबाकडे शब्द टाकला आणि विमानं आली. एकीने येऊन माझे हात हातात घेतले. "भाबी, माझ्या पोराच्या व्हिसाचं पण बोल ना तुझ्या सेनावाल्याशी." मी तिला सांगितलं, तो कारकून होता आणि मला पाव मिळाला. तिला वाटलं, मी मोठेपणा लपवतेय. पुढे कितीतरी दिवस बाजारात मला वाट देत. मी तोंड झाकून जायची.

शुक्रवारच्या टेबलावर साहेबाने ह्यातलं काही काढलं नाही. गोव्याच्या वेळी जसं बोलला तसं बोलेल, "बघ, मागितलंच ना," असं म्हणेल, अशी मी तयारी ठेवली होती. त्याने फक्त दर वेळी विचारलं, "भाई का खबर?" मी मान हलवायची. मॅडमने त्या टोपलीत पुन्हा कधी बन ठेवायला लावले नाहीत. कापलेली डबलरोटी ठेवायची. तिलाही कळलं होतं म्हणायचं.

लढाई एकाएकी थांबली. चीनवाले आपणहून मागे गेले. अमेरिकन बंदुका किती आणि कुठे पोचल्या, मला माहीत नाही. माझ्या भावापर्यंत पोचल्या नाहीत. तो तोवर कैद झाला होता. हे आम्हाला फार नंतर कळलं.

पुढच्या वर्षी चीनने कैदी सोडले आणि मी गावी गेले तेव्हा तो ओटीवर बसून पायाला तेल लावत होता. त्याने सांगितलं, हातातली बंदूक त्याच्या जन्माच्या आधीची होती आणि गोळ्या संपल्या तेव्हा सुभेदाराने खाली ठेवायला सांगितली. त्याने ठेवली. हे सांगताना तो तेलाच्या वाटीकडे बघत होता. लाज वाटली की खाली बघायचं, माझ्यासारखंच. एकाच घरातले आम्ही.

"तुला तिकडे काय कळत होतं, बुबू?" त्याने विचारलं. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बुबू म्हणतात.

"काही नाही," मी म्हटलं. "रेडिओ ऐकायचो."

नवरा पलीकडे बसून पान लावत होता. तोंड उघडलंन तर काय, म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. त्याने पान तोंडात घातलं.

साहेब आणि मॅडम काही वर्षांनी अमेरिकेला परत गेले. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. नवरा वारला. भावाच्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फात गेली. भाऊ जगला.